बेंदराच्या पत्र्या

फुकटचा पैसा आमच्या घरात कधी आला नव्हता, आणि आला तेव्हा तो द्यायचा कुणाला हे मला कळेना. बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी काही लिहिणारा माणूस नव्हे. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. पण नात म्हणते, आजोबा, बोलता तसंच लिहा. तर तसंच लिहितो. चुकलं तर चुकलं, खोडणार नाही.

आमचं गाव कोरेगाव तालुक्याच्या वरल्या अंगाला, कोरडवाहू. त्या वर्षी ज्वारी पोटऱ्यात यायच्या आधीच वाळली. कडबाच झाला नाही, तर जनावरांपुढं टाकायचं काय? बऱ्याच लोकांनी जनावरं छावणीला नेली. माझ्याकडं खिलारी जोडी होती, हौसेनं सांभाळलेली. बायको म्हणाली, "माझ्या भावाकडं नेऊया."

तिचं माहेर सांगलीच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. ऊसवाल्यांचं गाव. मला ते जड गेलं. जावयानं सासुरवाडीला सणाला जावं, पान-सुपारी घ्यावी आणि मान आहे तोवर परत फिरावं. तिथं बैल घेऊन उन्हाळाभर पडून राहायचं म्हणजे जावई गेला आणि उरला तो आश्रित. आठवडाभर मी नाहीच म्हणत बसलो. मग एका सकाळी पांढऱ्या बैलानं रिकाम्या दावणीत तोंड घातलं आणि तसंच ठेवलं. मी उठून गाडी जुंपली.

गाडीत आमच्या गावचा नालबंदही बसला. बैलांच्या खुरांना लोखंडाच्या पत्र्या ठोकायचा त्याचा धंदा, बापजाद्यांपासूनचा. मुसलमान, माझ्याच वयाचा, आम्ही एकाच ओढ्यात पोहायला शिकलो. गावातले बैल छावणीला गेल्यावर त्याला काम उरलं नाही. सरकार मदत द्यायचं ती जमीनवाल्याला आणि जनावरवाल्याला. याच्याकडं दोन्ही नव्हतं. रस्त्याच्या कामावर त्यानं खडी फोडली, पण हाताला हातोडीची सवय असली तरी दगडाची नव्हती. म्हणाला, "खाली उसाच्या गाड्या असतील, गाडीला बैल असतील, बैलाला पाय असतील. मी येतो." आम्ही पोचलो तेव्हा कारखान्याचा हंगाम संपायला आला होता. गाड्या सुटल्या, बैल विसाव्याला लागले. तो आपली हत्याराची पिशवी घेऊन मेव्हण्याच्या चिंचेखाली बसून राहायचा.

मेव्हण्याचं मात्र मन मोठं. आधी उसाचं वाढं, ते संपल्यावर हिरवं कडवळ. आमच्या बैलांच्या अंगावर उन्हाळ्यातसुद्धा तकाकी आली. घरखर्चाचं म्हणाल तर थोरला मुलगा पलटणीत होता, त्याची मनीऑर्डर यायची. आमचं भागत होतं.

मध्ये एकदा मी घर बघायला गावी गेलो, तर तलाठ्यानं चावडीपुढं गाठलं. "मामा, बरं झालं आलात. तुमची मदत आलीय. ज्यांची जनावरं छावणीत नाहीत त्यांना चाऱ्यासाठी रोख आहे."

मी म्हटलं, "माझी जनावरं मेव्हण्याची वैरण खात्यात. मला नगं."

"इथं 'नको'चा रकाना नाही, मामा."

"मग पाडा रकाना."

"मी पाडून कसा चालंल? घ्या आन् द्या मेव्हण्याला. त्याच्या वैरणीचंच हाय ते." एवढा वेळ शुद्ध बोलणारा माणूस, पण माझ्याशी हुज्जत घालता घालता आमच्यासारखा बोलायला लागला.

मी सही केली. सरकारला शिव्या घालण्यात आमचा जन्म गेला. पण त्या दिवशी येष्टीत बसल्यावर मनात आलं, मुंबईत बसलेल्या कुणाला तरी माझे बैल उपाशी असतील असं वाटलं, आणि त्यानं ते कागदावर घेतलं. आता माझे बैल उपाशी नव्हते, हा काही त्याचा दोष नाही. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? आणि त्याचबरोबर कंबरेच्या कशात, पैशाच्या पिशवीत, विंचू बांधल्यासारखं झालं. उपाशी नसलेल्या बैलांच्या नावावर घेतलेला पैसा घरात ठेवायचा कसा?

मेव्हण्यापुढं पैसे ठेवले, तर त्यानं हात पाठीमागं घेतले.

"दाजी, भणीच्या बैलाला घातलेल्या वैरणीचं पैसं घेऊ व्हय? गाव तोंडात शेण घालंल माज्या."

"घेत न्हाईस तर मी बैल सोडून चाललो."

"जावा की. पर बैलास्नी इचारा आदी. त्यास्नी हितलं लय ग्वाड लागलंय."

बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मी चिंचेखाली गेलो आणि पैसे नालबंदापुढं धरले.

"घे."

"कशाचं?"

"कशाचं म्हंजे? सरकारचं हायत. मला नगं हायत."

"तुला नगं म्हून मला? बैलाचा पाय दाव, पत्री ठोकतो, मग दे. नुसता हात पसरायला मी फकीर न्हाई."

"घरी पोराबाळास्नी काय धाडलंस ह्या महिन्यात?"

"माज्या चुलीचं मी बघीन. तुज्या चुलीत मी कवा डोकावलोय का रं?"

झालं, आमचं बोलणं बंद. तो चिंचेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. बायको म्हणाली, "घ्यायला कुणी धजंना. येवडं काय वंगाळ लागलंय त्या पैशाला?"

मग मी छावणीत जायला लागलो. मेव्हण्याच्या रानापासून छावणी हाकेच्या अंतरावर, नदीकाठच्या आंब्यांच्या रांगेत. सगळी माणदेशातली जनावरं आणि त्यांची माणसं. तिथं म्हसवडजवळचा एक गडी होता, वय माझ्याहून बरंच कमी, सोबत म्हातारी आई आणि एक खिलारी जोडी. जोडी अशी की बघत राहावं. पण त्यातला डावा बैल पुढचा एक पाय जमिनीला टेकवत नव्हता.

मी खाली बसून खूर बघितला. झिजून झिजून आतल्या मांसाला टेकला होता. नुसता त्याचाच नाही, छावणीतल्या कितीतरी बैलांचे खूर तसेच. कारण साधं. दुष्काळात बैलाला काम नाही, आणि काम नाही तर पत्री कशाला मारायची, असा सगळ्यांनी विचार केला. आम्ही शेतकरी पत्रीचा हिशेब नांगराशी आणि गाडीशी करतो, वाटेशी करत नाही. माणदेशातून कृष्णेपर्यंतची खडीची आणि डांबराची वाट बैल अनवाणी चालून आले. छावणीत बसून खूर जरा भरून येत होते, पण आता जायची वेळ झाली होती. वर पाऊस पडल्याचा सांगावा आला होता. पौर्णिमा झाली की छावणी मोडणार, ज्यानं त्यानं आपली जनावरं घेऊन निघायचं आणि जाऊन पेरणीला लागायचं.

"ह्यो चालंल का घरापत्तुर?" मी विचारलं.

तो दावं आवळत बसला. म्हातारीनंच सांगितलं, "न्हाई चालायचा, बाबा. येताना निम्म्या वाटंतच बसाय लागला हुता. हेडी रोज येतोय."

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. तो तिथंच पलीकडं बसला होता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल पसरला, त्याखाली हात घातला आणि नुसता बसून राहिला. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत, टॉवेलाखाली बोटं धरून करतात, म्हणजे चारचौघांत कुणाची लाज जात नाही. दुसऱ्यानं हात आत घातला की समजायचं, बैल दावणीतून सुटला. लंगडा बैल तो कशासाठी घेत होता ते सांगायला नको. आणि एका बैलावर पेरणी होत नाही. या गड्याची जमीन म्हणजे माळाचा एक तुकडा, ओल असेल तेवढ्या दिवसांत पेरणी उरकली तर उरकली.

मी म्हटलं, "गड्या, आमच्या गावचा नालबंद हितं हाय. पत्री मारून घे. पैसं मी देतो."

त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं. "तुमी कोन?"

"मी कोरेगावाकडला. हितला जावाई."

"मंग जावायावानी ऱ्हावा. आमच्या बैलाचं आमी बघू. माणदेशी मानूस दगूड खाईल, पर दुसऱ्याच्या कशाला हात लावनार न्हाई."

मी तिरीमिरीत परत आलो. वाटेत राग गेला आणि हसू आलं. त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, आणि वर एखादी शिवी जास्त घातली असती.

घरी बायको सणाची डाळ निवडत बसली होती. सांगलीच्या त्या अंगाला कर्नाटकी बेंदूर करतात, ज्येष्ठी पौर्णिमेला. बैलांचा सण. आमच्या वरच्या भागात तो पुढं आषाढात येतो. मी तिला सगळं सांगितलं. हेडीचा टॉवेल सांगितला, त्या गड्याचं बोलणंही सांगितलं. तिनं डाळीतून मान वर केली नाही.

"तुमी मानसाला दिऊ नगा. बैलाला द्या."

"म्हंजे?"

"बेंदराला दारात बैल आला तर सवाशीण काय करती? पाय धुती, ववाळती, निवद दावती. मालक 'नगं' म्हणतो का कवा? त्यो निवद मालकाचा नस्तोच, बैलाचा अस्तो. तवा पुरणपोळीच्या जोडीनं पत्र्या ठेवायच्या. झालं."

इतकी वर्षं संसार केला, पण त्या दिवशी जेवढं नवल वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं.

नालबंदाकडं मीच गेलो. बोलणं बंद होतं, तरी गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बेंदराच्या दिवशी बैल पाडू व्हय रं? येडा का खुळा? सणाच्या दिवशी बैलाच्या अंगाला दोर लावत न्हाईत." ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पत्री मारायची म्हणजे बैलाला दोरानं आडवा पाडून पाय बांधावे लागतात. मग ठरलं, पत्र्या आदल्या दिवशीपर्यंत मारायच्या, संध्याकाळी खांदेमळणी, म्हणजे बैलांचे खांदे हळद-तेलानं चोळायचे, आणि सणाला मोकळा बैल दारात.

"आन् मजुरी घ्यायची," मी म्हटलं.

"लोखंडाचं दे. हाताचं नगं. बेंदूर काय तुमचाच? माजं पोट कुनाच्या पायावर चालतंय?"

"हाताचं घेनार नसशील तर लोखंडबी आननार न्हाई."

आम्ही दोघं चिंचेखाली एवढे भांडलो की मेव्हणा रानातून पळत आला. शेवटी भांडण असं तुटलं, की तो मजुरी घेईल, पण एक जोडी त्याची. ती कुठली, ते तो ठरवणार आणि तिची मजुरी तर नाहीच, लोखंडही त्याच्याच पैशाचं.

आम्ही सांगलीला जाऊन लोखंडाची पट्टी आणि खिळे आणले. येताना येष्टीत त्यानं ते ओझं मांडीवर घेतलं होतं, खाली ठेवायला तयार नव्हता. गावच्या लोहारानं भाता वापरू दिला. दोन दिवस नालबंदानं पत्र्या घडवल्या आणि मी भाता ओढला. चिंचेखाली बसून बसून खांदे पाडलेला माणूस, पण भट्टीपुढं उभा राहिल्यावर आवाजसुद्धा बदलला. मला म्हणायचा, "ओढ की जरा जोरानं, सरकारी पैसं घेतलंस न्हवं?"

तिकडं बायको छावणीत गेली. मला म्हणाली, तुमी येऊ नगा, तुमचं तोंड बघून कुणी हो म्हणायचं न्हाई. पण मी आंब्याआड उभा राहून ऐकलं. ती सरळ त्या म्हातारीपाशी गेली आणि हळदी-कुंकवाचा करंडा पुढं केला.

"आत्याबाई, मी ह्या गावची लेक. बेंदराला माज्या भावाच्या दारात तुमचं बैल आलं पायजेत. निवद हाय. पर आमची रीत हाय, बैल अनवाणी दारात घेत न्हाई. उद्या परवा आमच्या नालबंदाकडं आना."

असली रीत त्या गावात नव्हती. पृथ्वीवर कुठं असेल असं वाटत नाही.

तो गडी मध्येच म्हणाला, "आमचा बेंदूर अजून म्हैन्यानं हाय."

"तुमचा आसंल, दादा. बैलाला काय ठावं कुनाचा बेंदूर कवा? दारात आला की त्याचा सन."

"वैनी, मी तुमच्या मालकाला आदीच सांगितलंया..."

म्हातारीनं त्याचं बोलणं तोडलं. "गप रं. सवाशिणीनं बैलाला बोलीवलंय, तुला न्हाई. तू नगं जाऊस. बैल मी घिऊन जाती."

बायको तशीच पुढं सगळ्या खोपींत फिरली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून बैल यायला लागले. मेव्हण्यानं दोर दिले, मी आणि गावची माणसं बैल पाडायला, आणि नालबंद खुरांशी. खूर तासायचा, पत्री बेतायची, खिळा असा मारायचा की बैलाची कातडी थरथरसुद्धा नाही. छावणीतली माणसं आधी लांब उभी होती. मग एकानं दोर धरला, दुसऱ्यानं बैलाचं डोकं मांडीवर घेतलं. कुणी पैशाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. कुणी माझ्याकडं बघून हात जोडले असते तर मी तिथून उठून गेलो असतो. पण ते बैलाचे मालक होते आणि बैलाला सणाचं देणं मिळत होतं, त्यात हात जोडायचं काही नव्हतंच. त्यांनी ते तसं घेतलं, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मनात आणलं असतं तर त्यांनाही वाकडं बोलता आलं असतं, त्यांची जीभ काही माझ्यापेक्षा कमी तिखट नव्हती.

तो गडी मात्र आला नाही. दिवस गेला, दुसरा दिवस कलायला लागला. संध्याकाळी खांदेमळणी, मग पत्री मारता येणार नाही. मी सारखा छावणीकडं बघत होतो. हेडी आंब्याखाली बसलेला दिसत होता. नालबंद म्हणाला, "बघू नगंस. आला तर येईल." पण त्यानं स्वतः एका जोडीच्या पत्र्या बाजूला काढून फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. ती कुणाची, ते मला विचारायला लागलं नाही.

उन्हं उतरली आणि म्हातारी आली. पुढं ती, हातात कासरा, पाठीमागं लंगडणारा बैल आणि त्याच्या पाठीमागं दुसरा बैल धरून तो गडी, मान खाली घालून. मला म्हणाला, "आई ऐकंना."

मी म्हटलं, "आमचीबी ऐकत न्हाई."

बस, एवढंच बोललो आम्ही. बैल पाडला. नालबंदानं त्या पायाला फार वेळ लावला. आधी हळद आणि तेल कोमट करून लावलं, खूर बाहेरच्या कडेनं थोडाच तासला, पत्री दोनदा भट्टीत घालून पुन्हा वाकवली आणि दुखऱ्या जागेवर टेकणार नाही अशी बसवली. खिळे थोडे, पण घट्ट. दोर सोडला. बैल उठून उभा राहिला आणि पाय तसाच वर धरला. म्हातारी बैलाच्या तोंडाशी गेली आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. मग त्यानं पाय खाली ठेवला, उचलला, परत ठेवला, आणि त्यावर भार दिला.

त्या गड्यानं नालबंदाला विचारलं, "चाचा, चालंल?"

"सरळ नेलास आन् दुपारचा इसावा दिलास तर चालंल. ह्यो माजा बैल हाय बेंदराचा. मदी कुनाला इकलास तर मी म्हसवडला येऊन तुला इचारीन."

गडी पहिल्यांदा हसला.

बेंदराच्या दिवशी मेव्हण्याच्या दारात बैलांची रांग लागली. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, जमेल तसं. बायकोनं आणि भावजयीनं सगळ्यांना ओवाळलं. पोळ्या बैलांनीच खाल्ल्या, आम्हाला आमटीभात. पैसे त्या दिवसापर्यंत सगळे संपले होते आणि मला वर्षभरात एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. नालबंदानं मजुरी घरी धाडली. किती, ते मी विचारलं नाही. त्याच्या चुलीत मी डोकावत नाही.

दुसऱ्या दिवशी छावणी मोडली. डांबरी रस्त्यावर पत्र्यांचा खणखणाट उठला. डावा बैल थोडा मागं, थोडा जपून, पण चारी पायांवर चालला होता.

त्याच वर्षी हिवाळ्यात मी सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला गेलो. देवासाठी गेलो, हे खरं. पण रथ ओढून झाल्यावर पाय त्या गड्याच्या वस्तीकडं वळले, हेही खरं. गोठ्यात दोन्ही बैल बांधलेले होते. बाजरी निघून गेली होती, रानात ज्वारी उभी होती. तो गडी मला बघून उठला, "आवं, या," म्हणाला आणि घोंगडं टाकलं. पत्रीबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. म्हातारीनं बाजरीची भाकरी केली, वर वांग्याचं कालवण, कांदा फोडला. बाजरी त्यांच्याच रानातली, त्याच जोडीनं पेरलेली.

एका भाकरीवर मी हात धुवायला निघालो होतो, परक्या घरी एवढंच खातो मी. म्हातारी म्हणाली, "आनखी वाढू?"

मी ताट पुढं केलं.